राजाचा मसाला

फाल्गुन सरत आला की बोनकोड्यातल्या मसाला कुटायच्या गिरणीला उसंत नसते. सकाळी आठाला जी धडधड सुरू होते ती दिवेलागणीपर्यंत. आमची इमारत गिरणीच्या बरोबर पाठीमागे. सोसायटीच्या मोबाईलवरच्या ग्रुपात रोज कुणीतरी लिहितं की मिरचीच्या खाटाचं, त्या ठसक्याचं, फार टेन्शन झालंय, कमिटीने काहीतरी करावं. मी मात्र माझ्या खोलीची खिडकी मुद्दाम उघडी टाकून बसतो. दोन शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येतं. सूनबाई म्हणते, "बाबा, पंचाऐंशीचे झालात, आता तरी ऐका कुणाचं." मी ऐकतो आणि खिडकी उघडीच ठेवतो.

कारण दुपारी तीनच्या सुमाराला वारा फिरतो. खाडीवरून येतो तो. मिरचीच्या खाटात खारा वास मिसळतो, आणि मग कोपरखैरण्याचे सेक्टर, त्यांचे नंबर, खाली उभ्या असलेल्या गाड्या, सगळं जरा वेळ बाजूला सरकतं. लाल मसाला आणि खारा वारा एकत्र आले की आमच्याकडे एकच ऋतू असतो. पंचांगात त्याला नाव नाही. आम्ही त्याला नुसतं 'हंगाम' म्हणायचो. मिठाचा, हे वेगळं सांगायची गरज कुणाला वाटत नसे.

त्या हंगामाची चव माझ्या पायांना आठवते. मिठागराच्या, म्हणजे आमच्या आगराच्या, बांधावरून अनवाणी चालताना आधी गार चिखल, मग कोमट पाणी, आणि आतल्या वाफ्यात गेलं की पायाखाली कुरकुर. उन्हं वर आली की पांढऱ्या राशींकडे नुसतं बघणंही अवघड व्हायचं. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन एका ओळीत यायच्या, राशीवर मीठ ओतायच्या, रिकाम्या टोपल्या झुलवत परत जायच्या, आणि या सगळ्यात कुणीतरी कुणाच्या तरी लग्नाचं गाणं धरलेलं असायचं.

माझे वडील, कान्हा मुकादम, त्या मिठागराचा जीव होते. वाफ्यात मीठ धरायला लागलं की नाही हे ते पाण्यात पाऊल टाकून सांगत. तळव्याला पाणी 'जड' लागलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मालकाकडे काचेची नळी होती, ती पाण्यात बुडवून तो आकडे बघायचा. बाबा आधी सांगायचे, मग मालक नळी बुडवायचा, आणि नळी बाबांसारखंच बोलायची. बाबांना अक्षर म्हणून एक येत नव्हतं, पण त्यांच्यापुढे नळीची छाती होत नव्हती. मला त्यांचा अभिमान होता असं आज मी सहज लिहितो. तेव्हा तो होता की नाही, हे मात्र मला नक्की सांगता येणार नाही. मी अकरावी पास झालो होतो, ट्रेनिंग करून गावच्या शाळेत मास्तर झालो होतो, आणि चोवीस वर्षांच्या मास्तराला स्वतःच्या अभिमानातून दुसऱ्याकडे बघायला फारशी सवड नसते.

साठच्या दशकातली गोष्ट. वाशीचा पूल तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. मुंबई पलीकडच्या काठाला होती आणि मध्ये खाडी. वर्तमानपत्र माझ्याकडे एक दिवस शिळं यायचं. संध्याकाळी आमच्या अंगणात मी ते मोठ्याने वाचायचो आणि आळीतली माणसं हाताने आपलं काम करत ऐकायची. अशाच एका संध्याकाळी मी वाचलं, की मुंबईच्या म्युझियममध्ये इजिप्तच्या प्राचीन राजांचा खजिना आलाय. देशोदेशी फिरत आलेलं प्रदर्शन, हजारो वर्षांपूर्वीचं सोनं. बातमी संपली तरी माझं मास्तरपण संपेना. मी स्वतःच्या पदरचं ज्ञान घातलं: "हे राजे मेले तरी कुजत नसत. त्यांच्या देहाला मसाले लावून ठेवायचे. हजारो वर्षं देह जसाच्या तसा!"

शेजारच्या चांगुणाकाकीच्या पुढ्यात तेव्हा सूपभर मिरच्या पसरलेल्या. देठं खुडायची ती थांबली.

"मास्तर, कनचा मसाला? आपला लाल?"

अंगणात हसू फुटलं. पण काकीचा प्रश्न खरा होता. आमच्याकडे मसाला म्हणजे एकच, वर्षाचा कुटून बरणीत दाबून ठेवायचा. तो लावलेला राजा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असणार. आडवा, लाल, तव्यावर टाकायचाच बाकी. पोथी वाचल्यासारखं मी काहीतरी सुगंधी द्रव्यांबद्दल बोललो. तेवढ्यात ओसरीवरून बाबांचा आवाज आला.

"मसाल्यानं मासा चवीला लागतं. टिकत नाय. टिकवाला मीठ पायजे."

"बाबा, पुस्तकात मसालाच लिहिलाय."

"मंग पुस्तक लिवनाऱ्यानं मासा कदी सुकवला नाय." आणि मग जे ते बोलले ते माझ्या काळजात रुतलं. "अकरा वर्सं शिकून तुला यवरा कलत नाय, आनि पोरीला ठान्याला धाडा म्हनतंस?"

पोरगी म्हणजे हौसा, माझी धाकटी बहीण. तेरा वर्षांची. गावातली सातवी तिने त्या वर्षी संपवली होती आणि पुढची शाळा ठाण्याला. दर संध्याकाळी मी तिला इंग्रजी मुळाक्षरं शिकवत होतो आणि ती ती बकाबका गिळत होती. ठाण्याला मावशीकडे राहून शिकायचं, हे आमच्या दोघांचं ठरलेलं. बाबांचं वेगळं चाललं होतं. दिघ्याचं एक चांगलं घर हौसाला मागणी घालून होतं. चैत्र सरायच्या आत ते बघायला येणार होते, आणि आमच्यात बघायला आले म्हणजे निम्मी सुपारी फुटल्यातच जमा. मी रोज विषय काढायचो, बाबा रोज टाळायचे. त्या संध्याकाळी त्यांना टाळायची गरजच उरली नाही. माझ्या मसाल्याने त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलं. पुढचे आठ दिवस हौसाच्या शाळेचं नाव काढलं, की बाबा शांतपणे विचारायचे, "राजाला मसाला किती लावला रं?"

शेवटी मीच चिडून म्हणालो, चला मुंबईला, प्रत्यक्ष बघा. आणि आश्चर्य म्हणजे बाबा निघाले. वाफ्यांत नवं पाणी घेतलं होतं. "आता चार दिस उनाचा काम हाय, मानसाचा नाय," म्हणाले. चांगुणाकाकी निघाली, हौसा निघालीच. भरती बघून पहाटे होडी सुटली. काकीने भाकऱ्या आणि सुकट बांधून घेतली होती. बाबा पुढे नाळेवर बसले, धुतलेला सदरा, डोक्याला लाल रुमाल. पाण्याकडे बघत होते. हौसाच्या ओठांची हालचाल चालू होती. ती किनाऱ्यावर दिसणाऱ्या पाट्या लांबूनच वाचायचा सराव करत होती. पाट्या अजून दिसतही नव्हत्या.

म्युझियमच्या दारात आम्ही चौघांनी वहाणा काढल्या. मीसुद्धा! मला नेमकं ठाऊक होतं की तिथे वहाणा काढत नाहीत, पण बाबांनी काढल्या आणि माझेही पाय आपोआप मोकळे झाले. मेलेल्या राजाच्या वस्तूंना भेटायला जायचं, ते काय वहाणा घालून? दरवान म्हणाला, "अहो, घाला, घाला, चालतं." बाबा म्हणाले, "तुमाला चालतं." तो गार, गुळगुळीत दगड अजून माझ्या तळव्यांना आठवतो. त्यावर बाबांची पावलं, मिठाने चिरा पडलेली, टाचेला पांढरट. शहरातली माणसं आधी त्या पावलांकडे बघत होती, मग सोन्याकडे.

सोनं मात्र होतं. काय होतं! हार, कंकणं, सोन्याच्या मुठीचा खंजीर, सोन्याने मढवलेली लहानशी खुर्ची. काचेमागे दिवे लावलेले, त्यात ते आतून पेटल्यासारखं दिसायचं. चांगुणाकाकीने सगळं नीट न्याहाळलं आणि निकाल दिला, "यवरा तं आपले न्हवरीच्या आंगावर असतं." आगऱ्याच्या लग्नातली नवरी ज्याने पाहिली आहे त्याला काकीची अतिशयोक्ती फारशी वाटणार नाही. सोन्याच्या वहाणांपुढे बाबा थबकले. "यी घालून चालला कसा असंल?" म्हणाले. मला हसू आलं, पण प्रश्न त्यांच्या धंद्याचा होता.

हातात बारीक काठी घेतलेला एक तरुण माहितगार लोकांना फिरवून दाखवत होता. बोलायला गोड, माणूसही भला. मी त्याच्या मागोमाग, वहीत टिपणं घेत. शाळेत सांगायला नको का! राजे, राण्या, वंश, देव, सगळं उतरवून घेत होतो. वळून बघतो तर बाबा आणि हौसा नाहीत.

ते दोघं एका कोपऱ्यात उकिडवे बसले होते. पुढ्यात एक बुटकी काचपेटी. आत सोनं नाही, काही नाही. मातीची एक वाडगी आणि तिच्यात मळकट पांढरे खडे. त्या पेटीपुढे दुसरं कुत्रंही नव्हतं.

"मास्तर, इकरं ये," बाबांनी हाक मारली. "यी मीठ हाय."

माहितगार माझ्याबरोबर आला. हसून म्हणाला, "नाही हो काका. हेच ते मसाले. राजाच्या देहाला लावायचे."

"मीठ हाय," बाबा म्हणाले. "आपल्यासारका नाय. कडू असंल. आमचे आगरान शेवटाला जा पानी उरतं ना, त्याचा असा खडा बनतं."

तो माहितगार माझ्याकडे बघून मंद हसला. दोन शिकलेली माणसं एखाद्या भाबड्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघून हसतात, तसं. आणि मीही त्याच्याकडे बघून हसलो. साठ वर्षं झाली या गोष्टीला. आयुष्यात मी याहून मोठ्या चुका केल्या असतील, पण त्या हसण्याची लाज अजून जात नाही. वर मी म्हणालो, "बाबा, त्यांना माहीत असतं."

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. रागावले नव्हते. "बरा," म्हणाले. "दोन शिकलेली मानसं बोलतात म्हंजे मसालाच असंल." मग खाली बघून म्हणाले, "बगलंस ना हौसा? शिकून असा होतं."

मनातून मला कळून चुकलं होतं की बाबांचं खरं असणार. मीठ ओळखण्यात ते आजवर चुकले नव्हते. आणि त्यांचं खरं ठरणं म्हणजेच हौसाची शाळा बुडणं. ते जितके बरोबर, तितके आम्ही शिकलेले बिनकामाचे. त्या एका वाडगीत माझ्या बहिणीचं ठाणं विरघळताना मी बघत होतो.

हौसा ऐकतच नव्हती. ती अजून उकिडवीच होती, नाक काचेला टेकलेलं. पेटीच्या अगदी बुडाशी, उभ्या माणसाच्या नजरेत न येणारी, हाताच्या पंजाएवढी एक छापील चिठ्ठी होती.

"दादा, याच्यावर आपले पोत्याचा शिक्का हाय."

मिठागरातून जाणाऱ्या प्रत्येक पोत्यावर काळ्या शाईने चार इंग्रजी अक्षरं उठवायचे. पत्र्याचा कापलेला साचा बाबाच धरायचे, तीस वर्षं. ते पुन्हा खाली बसले. चिठ्ठीतल्या त्या चार अक्षरांवर काचेवरून बोट ठेवलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. ओळखीचं माणूस परक्या गावात भेटावं तसा.

"व्हय. योच."

"एस, ए, एल, टी," हौसाने एकेक अक्षर उचललं. "सॉल्ट. दादा, सॉल्ट म्हंजे मीठ ना?"

"हो," मी म्हणालो.

"म्होरं वाच," बाबा म्हणाले.

तिने वाचलं. बांधावरून तोल सांभाळत जावं तसं, शब्द सोडत नव्हती आणि घाई करत नव्हती. "फ्रॉम... ड्राय... लेक्स. ड्राय म्हंजे सुकलेला. लेक म्हंजे काय, दादा?"

"तळं."

बाबांनी ते आपल्या भाषेत जुळवलं. "सुकलेले तल्यातला मीठ. म्हंजे आगर." मग वाडगीकडे बघून ते म्हणाले, "तितं पन आगरी हायत."

माहितगाराने वाकून चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. त्याचे कान लाल झाले होते. पण माणूस खरंच भला. त्याने सारवासारव केली नाही. "काका, चुकलं माझं," म्हणाला. "मला सांगितलं होतं तसं मी सांगत होतो. खालची चिठ्ठी मी कधी वाचलीच नाही." आणि मग त्याने विचारलं, की तुम्ही ओळखलंत कसं?

बाबांनी घोळ मासा खारवायची रीत सांगितली. पोट आधी साफ करायचं, कारण पाणी तिथेच राहतं. मग आत मीठ भरायचं, सुकं, ओलं नाही. वर मीठ, खाली मीठ, आणि पुरून ठेवायचं. मीठ भिजलं की टाकून द्यायचं, नवं घालायचं. घाई केली तर मासा गेला. सांगताना हात हवेत चालत होते, आणि त्या हातांत मला घोळ दिसत होता. सोन्याच्या पेट्यांपुढून एकेक माणूस इकडे सरकू लागलं. एका बाईंनी आपल्या मुलाला पुढे ढकललं, "नीट ऐक." माहितगार म्हणाला, "काका, अगदी हेच करायचे. पोट साफ करून सुक्या मिठात चाळीसेक दिवस. तेल-मसाला त्यानंतर, वासाला."

"मंग मसाला पन खराच," बाबा उदारपणे म्हणाले. "पन मीठ आदी."

चांगुणाकाकीने एवढ्या गर्दीत मला कोपराने ढोसलं. "मास्तर, घे, लिव वहीत!" आणि मी लिहिलं. हजारो वर्षांचे राजे, त्यांचं सोनं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध अनवाणी उभा असलेला माझा बाप, लाल रुमाल बांधलेला. लोक त्याचं ऐकत होते. आमच्या लोकांना कुणी आगरी म्हटलं की त्यात पुष्कळदा एक हेटाळणीचा खडा असायचा, आणि शहरात शिकताना मी तो निमूट गिळला होता. त्या दिवशी माझी छाती इतकी भरून आली की मला वाटलं, या दालनातल्या प्रत्येकाला धरून सांगावं, हे माझे वडील आहेत. मला ते सांगावं लागलं नाही. हौसा आधीच एकेकाला सांगत सुटली होती.

परतीच्या होडीत वारा पाठीवर होता. काकी झोपली. खाडी निम्मी ओलांडल्यावर बाबा हौसाला म्हणाले, "त्यो शिक्का मी तीस वर्सं बगतंय. चार अक्षरां. पन त्याच्या म्होरं काय लिवलंय त्या तुलाच कलला." मग माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर लोक कायपन सांगतात. आपल्याला सोताला वाचता आला पायजे." असा मार खाण्यातली मजा मला पुन्हा कधी मिळाली नाही.

दिघ्याची माणसं ठरल्याप्रमाणे आली. चहा झाला, पोहे झाले. त्यांच्यातले म्हातारे म्हणाले, "पोरगी शिकली तं मंग मिठागरान उतरंल का?" बाबा म्हणाले, "उतरंल की. तिचाच आगर हाय. पन पयला वाचाला शिकूदे." पाहुणे तोंडदेखलं हसले आणि उन्हं कलायच्या आत निघून गेले. आईने दोन दिवस बाबांशी अबोला धरला. चांगलं घर हातचं गेलं, तिचंही काही चूक नव्हतं.

पुढचा सगळा वैशाख राशी उभ्या करण्यात गेला. त्या वर्षी मीठ चांगलं पिकलं, टपोरं, उन्हात डोळा न ठरणारं. बाबा कधी कधी दुपारी एकटेच बांधावर बसलेले दिसायचे. काठीने ओल्या चिखलात काहीतरी रेघोट्या ओढायचे. मी जवळ गेलो की पायाने पुसून टाकायचे. मला वाटलं, पाण्याची वाट आखत असतील.

मृगाच्या आधी ते स्वतः हौसाला घेऊन ठाण्याला निघाले. मी बरोबर. शाळेच्या कचेरीत कारकुनाने अर्ज भरून घेतला आणि सवयीने शाईची डबी बाबांपुढे सरकवली.

"पेन द्या," बाबा म्हणाले.

कारकुनाने दिलं. बाबांनी सदऱ्याची बाही वर केली, कागदावर डावा पंजा दाबून धरला, आणि श्वास रोखून चार अक्षरं काढली. प्रत्येक अक्षर पोत्यावरच्या शिक्क्याएवढं. पालकाच्या सहीची ओळ त्यांना पुरली नाही. शेवटचं अक्षर समासात गेलं.

कारकुनाने कागद फिरवून पाहिला. "सॉल्ट? हे काय? इथे सही हवी. नाव."

"नावच हाय," बाबा म्हणाले. "आमी आगरी. त्याच इंग्रजीत लिवलंय."

कारकून माझ्याकडे बघून मंद हसला. मी हसलो नाही. "त्यांची सही हीच आहे," मी म्हणालो.

तो जरा घुटमळला. मग त्याने सहीशेजारी अंगठाही घेतला, आणि बाबांनीही खळखळ न करता दिला. हौसा टाचा उंचावून टेबलावरचा कागद बघत होती.

"बाबा, एस उलटा झाला."

"असूदे," बाबा म्हणाले. "तू सरल लिव."